वाढत्या अंगाचं

लोकरीच्या दुकानातल्या काकांनी विचारलं, "केवढी आहे मुलगी?" आणि माझा हात आपोआप पुढे होऊन कमरेशी थांबला. तळवा खाली, बोटं सरळ, जणू खाली एक डोकं आहे आणि मी ते थोपटून सांगतेय की ही बघा, एवढी. काका काउंटरवरून वाकले, माझ्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "म्हणजे सहा-सात वर्षांची." मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "नाही, नाही. दहा पूर्ण होतील आता." काकांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "अहो ताई, दहा वर्षांचं पोर एवढं नसतं." मी हात खाली घेतला आणि त्याचं काय करावं ते न सुचून पर्समध्ये घातला. पर्समधून लोकरीचा जुना कागद काढला, तीन वर्षं जपून ठेवलेला, त्यावर रंगाचा आणि लॉटचा नंबर. मोरपंखी रंगाचे दोन गुंडे हवे होते, ह्याच लॉटचे. काका चष्मा वर सरकवून कागद वाचू लागले. "हा लॉट कधीच संपला. तीन वर्षं झाली ह्याला. तीन वर्षांत लोकांची घरं बांधून होतात, ताई." त्यांनी नव्या लॉटचे गुंडे पुढे टाकले. मोरपंखीच, पण अंमळ गडद. माझ्या धंद्यात ह्याला शेडचा फरक म्हणतात आणि त्यावर लाल बाण चिकटवून माल परत पाठवतात. "छातीचं माप काय?" काकांनी विचारलं. "साडेपंचवीस. रविवारीच घेतलंय." "बारीक आहे हो फार. माझ्या नातीला आठव्या वर्षी सव्वीस लागलं. माझं ऐका, वाढत्या अंगाचं करा." मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "मी मापाचंच करते," आणि गुंडे घेऊन बाहेर पडले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. एरवी जागा मिळाली की मी आधी सुया काढते. घरापर्यंत पस्तीस मिनिटं, चार ओळी होतात, ड्रायव्हर शहाणा असला तर पाच. लोक म्हणतात, अरे वा, विणता का, छान छंद आहे. छंद! छंद म्हणजे फावल्या वेळात करायची गोष्ट, आणि माझा फावला वेळ म्हणजे हा, मांडीवर डबा, पायांत भाजीची पिशवी आणि शेजारच्याचं कोपर बरगडीत. पण सुया हातात आल्या की डोक्यातली कटकट थांबते हे खरं. त्या दिवशी सुया काढल्या नाहीत. आज सकाळी लेकीचं, माझ्या टिंगूचं, डोकं माझ्या कुठे लागत होतं, एवढंच आठवायचा प्रयत्न करत होते. सकाळी मी तिची वेणी घातली होती. बसून घातली, ती पाठमोरी जमिनीवर बसलेली. दप्तर तिच्या पाठीवर चढवलं तेव्हा मी दप्तराकडे बघत होते, कारण त्याचा बंद उसवत आलाय. ती दारातून गेली तेव्हा मी डब्याचं झाकण शोधत होते. तिच्या कुठल्या दाढा पडल्या, कुठली लस राहिली, गणितात भागाकार कुठे अडतो, सगळं मला तोंडपाठ आहे. पण उभी टिंगू काही केल्या डोळ्यांसमोर येईना. आली की कमरेएवढीच यायची.

आणि मी काम काय करते? मी मोजते. शर्टांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलापाशी मी चौदा वर्षं उभी आहे. शर्ट येतो, मी तो पसरते, हाताने सुरकुत्या काढते, टेप लावते. कॉलर, खांदा, छाती, बाही, उंची. पाव इंच इकडेतिकडे चालतं, अर्धा इंच चालत नाही. अर्धा इंच तर मला टेप न लावताही दिसतो, सुपरवायझरसाहेब नव्या मुलींना मुद्दाम माझ्यापाशी उभं करून दाखवतात. "बघा, ह्यांच्या डोळ्यांतच टेप आहे." ह्याचा मला तोरा आहे, खोटं कशाला बोलू. लहानपणी माझ्या अंगाला कधी मापाचा कपडा लागला नाही. ताईचे उतरलेले कपडे यायचे, आणि क्वचित नवा आलाच तर आई म्हणायची, वाढत्या अंगाचं घेतलंय, पुढच्या वर्षी बसेल. पुढच्या वर्षी तो बसायचा तेव्हा त्याचा रंग गेलेला असायचा. सगळ्या फोटोंत माझी बोटं बाह्यांमधून बाहेर आलेलीच नाहीत. तेव्हापासून ते दोन शब्द माझ्या डोक्यात जातात. माझ्या मुलीला मी मापाचंच घालीन, असं मी ती जन्मायच्या आधी ठरवलं होतं.

हा स्वेटर तिच्या सातव्या वर्षी सुरू केला. पाठ झाली, पुढचा भाग अर्धा झाला आणि कारखान्यात दोन पाळ्यांचं काम आलं. चार महिन्यांनी पिशवी उघडून तिच्या अंगाला लावून बघितलं तर खांद्यात बसेना. उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, ती धुवायची, लडी करून टांगायची, खाली वजन बांधायचं, सरळ झाली की पुन्हा गुंडे करायचे. पुन्हा घातला. मग सासरे आजारी पडले, त्यांचं करण्यात एक थंडी गेली. पुन्हा उसवला. त्या दुसऱ्या वेळेचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. रविवार होता, घरात नणंद आलेली. मी धागा खेचतेय आणि टिंगू समोर बसून गुंडा गुंडाळतेय, ओळीमागून ओळ सुटतेय, मला इतका संताप आला की मी तिला हात जोडले. "बाई गं, जरा थांब ना वाढायची! दोन महिने तरी थांब!" नणंद हसून हसून आडवी झाली. नवरा टिंगूला म्हणाला, "अर्ज दे म्हणावं, लेखी." मीसुद्धा हसले. टिंगू गुंडा गुंडाळत होती. त्यानंतर हे तिसऱ्यांदा घातलेलं. आणि ह्या वेळी, पहिल्यांदाच, मापं जुळत होती. दर दोन-तीन महिन्यांनी टेप लावायचा आणि दर वेळी साडेपंचवीस. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की पोरगी आता अंगाने स्थिरावली. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, दुसरी संपत आली. शनिवारी शाळेची सहल डोंगरात जाणार, तिथे म्हणे पाणी गोठतं. शनिवारी ती हा स्वेटर घालून जाणार, हे मी तिला सांगितलं होतं, शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं, शेजारच्या टेबलावर सांगितलं होतं. तीन वर्षं शब्द देऊन तो फिरवलेली आई पुन्हा तोंडघशी पडणार नव्हती.

दार टिंगूने उघडलं. मी आत गेलेच नाही, तशीच उंबऱ्यात उभी राहिले. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. खांद्याला! भांगाची रेघ माझ्या हनुवटीच्या जरा खाली, आणि मी वाकले नव्हते. "काय बघतेस?" ती म्हणाली. "काही नाही, टिंगू." "टिंगू म्हणू नकोस ना, वरच्या मजल्यावरचे ऐकतात." आणि ती आत गेली. तिच्या पायजम्याखालून घोटे दिसत होते, चांगली चार बोटं. हे कधी झालं? नवरा अंडी उकडत ठेवत होता. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. मी त्याला दुकानातला प्रकार सांगितला, हात कमरेशी धरून दाखवला. तो म्हणाला, "चाळिशी आली की होतं असं. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही. ये दुकानात, नंबर काढून देतो." तो चेष्टाच करत होता, रोज दहा गिऱ्हाइकांना हेच ऐकवत असेल. मी पातेलं आपटलं. ते बिचारं पातेलं, त्याचा काय दोष. जेवणानंतर टिंगू ताटं पुसायला आली नाही तेव्हा मी नेहमीसारखी ओरडले, "अंगचोर कुठली! कामाच्या वेळी बरी गायब होतेस!" ती आली, निमूटपणे ताटं पुसू लागली. मी तिच्या खांद्यांकडे बघत होते. मला टेप न लावता अर्धा इंच दिसतो. हे साडेपंचवीस नव्हतं. मग वाटलं, टेप! घरचा टेप जुना आहे, कापडी. जुने टेप ताणले जातात, इंच लांबतात, आणि मग मोठी गोष्टसुद्धा कमी भरते. आमच्याकडे दर महिन्याला सगळे टेप पोलादी पट्टीला लावून तपासतात ते ह्याचसाठी. मापात पाप नको, साहेब म्हणतात. मला एकदम हायसं वाटलं. चूक टेपची. मी तो गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या खणातली पोलादी पट्टी आणली आणि टेप लावला. शून्याला शून्य. दहाला दहा. साठपर्यंत, केसाचाही फरक नाही. दोनदा लावला, उलटा करून लावला. शेजारच्या टेबलावरच्या मावशी डबा खात बघत होत्या. ह्या मावशींचं आधी स्वतःचं शिवणकामाचं दुकान होतं, वीस वर्षं त्यांनी माणसांची मापं घेतली, मग गुडघे गेले तेव्हा इथे आल्या, शर्टांपुढे बसायला तरी मिळतं म्हणून. "काय गं, टेपशी भांडतेस?" मी सांगितलं. टेप बरोबर, हात माझा, मुलगी माझी, आणि माप चूक, कसं शक्य आहे? मावशींनी घास संपवला, बोट चाटलं. "तुझं काय आहे, तुझे शर्ट मेलेले असतात. पडून राहतात, हवं तसं मोजा. जिवंत माणूस कधी खरं माप देतं का? बायका पोट आत घेतात, पुरुष छाती काढतात, म्हातारे टाचा उचलतात. कुणी अंग चोरतं, कुणी अंग दाखवतं. वीस वर्षांत एक माणूस सरळ उभं राहिलं नाही माझ्यासमोर." "मग तुम्ही काय करायचात?" "हसवायचे. काहीतरी वेडंविद्रं बोलायचं. माणूस हसलं की अंग सुटतं, तेवढ्यात टेप धरायचा." मी म्हटलं, "पण मावशी, दहा वर्षांची पोर कशाला अंग चोरेल?" त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "ते तू तिला विचार. मला काय विचारतेस?"

दुपारभर मी शर्ट मोजले. एकही नीट मोजला नसेन, देव जाणे कुणाच्या अंगात कसला शर्ट जाणार आहे. रविवार आठवत होते. टिंगू खिडकीपाशी उभी राहायची, हात बाजूला घट्ट, खांदे पुढे ओढलेले, ओठ मिटलेले. मला वाटायचं गुदगुल्या होतात म्हणून. एकदा मी म्हटलंही होतं, काय गं, अशी फुगून काय उभी राहिलीस! मी टेप काढला की ती मोठ्याने श्वास घ्यायची आणि लगेच विचारायची, "तेवढंच ना?" मी म्हणायची, "तेवढंच, शहाणी माझी बाय." आणि तिच्या गालावर थोपटायची. ते थोपटणं आठवलं आणि शर्टावर टपकन पाणी पडलं. मावशींनी पाहिलं आणि तो शर्ट ओढून स्वतःच्या ढिगात घेतला.

घरी आले तेव्हा उजेड होता. नवरा यायचा होता. टिंगू खिडकीशी बसून भूगोल करत होती. मी हातपाय धुतले, स्वेटरची पिशवी काढली, टेप गळ्यात टाकला आणि म्हटलं, "ये, एकदा शेवटचं माप घेऊ." ती उठली, जागेवर जाऊन उभी राहिली आणि माझ्यासमोर, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, लहान झाली. खांदे आत गेले, बरगड्या आत गेल्या, गुडघेसुद्धा किंचित वाकले. इतकं सफाईने की चौदा वर्षांची तपासनीस फसावी. मी टेप लावला नाही. हसवायचं ठरवून आले होते. बसमध्ये तयारी केली होती. मी तिच्या लाडक्या हत्तीची शिंक काढून दाखवली, जी ऐकून ती हसून लोळायची. तिने हसून दाखवलं, पाहुण्यांसमोर हसतात तसं. मी शेजारच्या काकांसारखं चालून दाखवलं. "आई, बरी आहेस ना?" ती म्हणाली. माझ्या मुलीला आता कशाचं हसू येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी सगळे जुनेच विनोद आणले होते, तेही तिला आखूड झालेले.

टेप हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, तो तिच्या हातात दिला. "आज तू माझं माप घे." "तुझं? कशाला?" "घे म्हणते ना." ती आली, हात माझ्याभोवती नेऊन टेप पाठीमागून फिरवला, पोटावर आणला. तिच्या केसांना शाळेच्या बाकाचा वास येत होता. आणि टेप पोटावर आला मात्र, मी ते आत घेतलं. विचार करून नव्हे, शपथेवर सांगते; आपसूक गेलं, मावशींच्या गिऱ्हाइकांसारखं. टिंगूने आकड्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. तिचे डोळे बारीक झाले. "आई, चोरतेयस!" "मी? छे!" "चोरतेयस! पोट आत घेतलंयस! श्वास पण धरलायस!" मला बोलताही येईना, कारण खरंच धरला होता. तिने पोटात बोट खुपसलं, आणि श्वास फस्सकन सुटला, सगळं पोट त्या टेपवर येऊन पडलं, आणि टिंगू हसली. काय हसली! भिंतीला टेकून, खाली बसून, पाय आपटून. "तीन इंच! आई, तीन इंच चोरलेस तू!" मीही हसत होते, डोळे पुसत होते. मग म्हटलं, "पण तुला कसं गं कळलं, इतकं चटकन?"

ती हसायची थांबली. टेप बोटाला गुंडाळू लागली, सोडवू लागली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांब, थांब, असा आवाज येत होता. "मला येतं ते," ती म्हणाली. "माहितीय मला," मी म्हटलं. "कधीपासून?" "तू दुसऱ्यांदा उसवलास ना, तेव्हापासून." "का गं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. "तूच म्हणालीस ना, जरा थांब वाढायची म्हणून. दोन महिने. मग दोन महिन्यांनी स्वेटर झालाच नव्हता. मग मी अजून थांबले." ती टेपकडे बघत बोलत होती. "बसमध्ये विणून विणून तुझी बोटं दुखतात. तू परत उसवला असतास. आणि परत रडली असतीस." मी तेव्हा रडले होते? घरच्यांच्या किस्स्यात तर मी हसलेली आहे. तिला पक्कं आठवत होतं. स्वयंपाकघरात, नणंद गेल्यावर, नळ सोडून. "मला वाटलं सहलीपर्यंत जमेल," ती म्हणाली. "पण गुडघे दुखतात वाकवून."

मी तिला ओढून जवळ घेतलं. दोन वर्षं. मी एक वाक्य बोलले, सगळे हसले, आणि एक पोर श्वास धरून उभी राहिली दोन वर्षं. लाज वाटली, इतकी लाज मला कशाचीच वाटली नव्हती. "वाढ गं," मी म्हटलं, "हवी तेवढी वाढ, माझ्या डोक्याच्या वर जा, मी स्टुलावर चढून वेणी घालीन." "आई, आवळतेयस." मी सोडलं. मग ती आपणहून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खांदे मागे, गुडघे सरळ, हनुवटी वर. मी टेप फिरवला. बोटांखाली तिच्या बरगड्या अजून आत होत्या. सवय, अशी लगेच सुटते थोडीच. "श्वास सोड," मी म्हटलं. "हां. आता घे. घे, घाबरू नकोस." तिने घेतला आणि टेप माझ्या बोटांतून सरकत गेला. साडेपंचवीस, सव्वीस, साडेसव्वीस. मी त्याला जाऊ दिलं. सत्तावीसशी थांबला. "किती?" "सत्तावीस." "मग उसवणार?" तिने स्वेटरकडे न बघता विचारलं. "अजिबात नाही. दोन्ही बगलांखाली पट्ट्या घालू, नव्या लोकरीच्या. बाह्यांना मनगटाशी. शुक्रवारपर्यंत होतील, दोन दिवस आपण ब्रेडवर काढू." तिने नवा गुंडा जुन्याशेजारी धरला. "रंग वेगळा आहे. दिसेल." "दिसू दे." हे मी बोलले, जिने शेडच्या फरकापायी आजवर किती गठ्ठे परत पाठवले त्याची गणती नाही. "छान दिसेल," ती म्हणाली, "पट्टेवाला."

मी तिच्या भूगोलाच्या वहीतलं मागचं पान फाडून घेतलं. बाही मोजली, खांद्यापासून मनगटापर्यंत, अठरा, लिहिली. मग छाती. पेन्सिल जरा वेळ तशीच धरून ठेवली आणि एकोणतीस लिहिलं. टिंगू मान वाकडी करून बघत होती. "आई, सत्तावीस आलं होतं." "माहितीय." "मग चुकलंय. दोन इंच." "असू दे," मी म्हटलं, "वाढत्या अंगाचं करतेय." तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, कागदावर वाकली, आणि बाहीच्या अठरातल्या आठावर नीट गिरवून गिरवून त्याचा नऊ केला.